सरांचं नाक

सर कधी रागवायचे नाहीत, तरी मला त्यांची भीती वाटायची. हातात वाईनचा ग्लास द्यायचे, "कसला वास आला?" एवढंच विचारायचे आणि गप्प बसायचे. उत्तर येईपर्यंत गप्प. चुकीचं उत्तर दिलं तरी गप्प. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आमच्याकडे शेतावर बाबा ओरडतात, पाच मिनिटांनी विसरतात आणि पाणी मागतात. सरांच्या गप्प बसण्याला असा शेवट नव्हता.

खालापूरच्या टोलनाक्यावरून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याला आमचं रिसॉर्ट आहे. मुंबईचे लोक शनिवार-रविवारी येतात, पाण्यात डुंबतात, जेवतात आणि जातात. आमच्या शेठना वाईनचा शौक. त्यांनी डोंगराच्या पोटात एक तळघर खोदून घेतलं, त्यात एसी बसवला, लाईट गेली तर जनरेटर ठेवला, आणि फ्रान्समधून आणलेल्या बाटल्या लाकडी फळ्यांवर आडव्या निजवल्या. त्या बाटल्यांचे राखणदार म्हणजे सर. त्यांच्या पदाला एक फ्रेंच नाव आहे. ते नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण त्यांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी चाखणारा."

सर मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी जहाजावर भांडी घासायला चढले आणि बऱ्याच वर्षांनी फ्रान्समध्ये, बोर्दोमधल्या कुठल्याशा वाईनच्या तळघरातून बाहेर पडले. मधलं त्यांनी कधी सांगितलं नाही. लग्न केलं नव्हतं. रिसॉर्टच्या मागं, तळघराला लागून त्यांना एक खोली दिली होती. तेच त्यांचं घर.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कुंभिवलीजवळच्या गावात भात लावणाऱ्यांच्या घरात जन्मले, कर्जतला बारावी केली आणि हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री घेतली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशीही घातली नव्हती. सरांनी ग्लास पुढं केला तेव्हा मी नाक लावलं आणि पुस्तकातलं धडाधड म्हणून टाकलं. ब्लॅककरंट, सीडर, ग्रॅफाइट.

"ब्लॅककरंट खाल्लंयस?" सर म्हणाले.

"नाही."

"पाहिलंयस?"

"फोटोत."

"मग तुला फोटोचा वास आला का?"

कान तापले माझे. मला वाटलं, हा माणूस माझी डिग्री काढतोय. पण सर पुढं म्हणाले, "तुमच्याकडे असं काय मिळतं? काळं, आंबटगोड, जिभेला रंग लावणारं?"

"जांभूळ. करवंद."

"मग ते शोध यात. नसेल तर नाही म्हण."

मी पुन्हा नाक लावलं. आणि होतं. खरंच होतं. झाडाखाली पडून उन्हात फुटलेल्या जांभळाचा वास असतो ना, तो. त्याच्या मागून दुसरं काहीतरी कोरडं येत होतं. ते ओळखायला मला पूर्ण आठवडा लागला. प्राथमिक शाळेत पेन्सिलीला टोक काढल्यावर हातात ती लाकडाची साल उरते, तिचा वास. म्हणजे पुस्तकातले सीडर आणि ग्रॅफाइट दोन्ही माझ्या दप्तरातच होते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

सरांच्या शिकवण्याची तीच तऱ्हा. जो वास तुझ्या आयुष्यात नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. त्यांच्या खोलीत खिडकीपाशी स्टीलचे डबे रांगेनं मांडलेले असत. एकात तंबाखूची कोरडी पानं, एकात नव्या कोल्हापुरीचा तुकडा, एकात गंजका खिळा, एकात जंगलातला कुजका पाला. सकाळी कामाला लागायच्या आधी मी डोळे मिटून एकेक डबा हुंगायचा. तुरटपणा शिकवायचा होता तेव्हा त्यांनी मला कच्चं जांभूळ चावायला लावलं, मग हिरडा, मग सुपारी, मग दूध-साखर न घातलेला काळाकुट्ट चहा. तोंडाचं पार वाळवण झालं. मग म्हणाले, "तरुण वाईन अशी असते, तोंड आवळते. चांगली जुनी असं करत नाही. तुझ्या आजीचं धुवून धुवून मऊ झालेलं लुगडं असेल ना? तिचा तुरटपणा तसा. असतो, पण टोचत नाही."

वासाच्या बाबतीत माणूस अगदी विक्षिप्त. मी केसात मोगरा माळून आले तर तळघराच्या दारातूनच परत. उदबत्ती लावलेल्या रिक्षात बसायचे नाहीत, दुसरी येईपर्यंत रस्त्यात उभे. अंगाला साबणाऐवजी डाळीचं पीठ. पाहुण्यांसाठी बाटली उघडायची असेल त्या दिवशी फोडणी नसलेला दहीभात. आणि वाईनचा एक थेंब पोटात जाऊ द्यायचे नाहीत. तोंडात घ्यायची, घोळवायची आणि पिकदाणीत थुंकायची. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पोटाला नाक नसतं."

मीही तेच करायचे, तेवढंच मला घरी सांगता आलं. माझ्या नोकरीत दारू आहे हे कळल्यावर आय दोन दिवस बोलली नव्हती. मग मी तिला समजावलं की आम्ही पीत नाही, थुंकतो.

"थुकायचा पगार देतात?" आय म्हणाली.

"हो."

"मंग तुझ्या बापाला पन लाव कामाला. तंबाखू खाऊन निस्ता फुकट थुकतंय."

सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. मला आठवतंय तसं, एकदाच.

एका पावसाळ्यात सरांनी मला एक बाटली दिली आणि नेहमीसारखं विचारलं. मी हुंगलं. मला बरं वाटलं. मी म्हणाले, "छान आहे. घरासारखा वास आहे."

सर खुर्चीत बसले. म्हणाले, "ही मेलेली बाटली आहे."

वाईनच्या बाटलीचं बूच झाडाच्या सालीचं असतं. क्वचित एखाद्या बुचाला आतून कसर लागलेली असते आणि ती वाईनला लागते. मग वाईनला ओल्या गोणपाटाचा कुबट वास येतो. फळाचा वास दबून जातो. विष नव्हे, पण वाईन संपली. शेकडो रुपयांची असो की लाखाची, ओतून द्यायची. चाखणाऱ्याचं पहिलं काम तेच, पाहुण्याच्या ग्लासात ती जाऊ द्यायची नाही. आणि नेमकी तीच मला चांगली वाटली होती.

सरांनी त्यावर काय करावं? पुढच्या रविवारी ते आमच्या घरी आले. बाहेर पाऊस कोसळत होता. पडवीत भाताच्या गोणी रचलेल्या, चुलीवरच्या दोरीला कपडे वाळत घातलेले, भिंतीला ओल चढलेली. सर उंबऱ्यात थांबले, डोळे मिटले, आणि नाकानं घरभर फिरून आले म्हणा. मग आयला म्हणाले, "वहिनी, पोरीचा दोष नाही. तिच्या नाकाला हा वास वासच वाटत नाही. यातच वाढली ती."

आयनं चहाचा कप त्यांच्यापुढं आदळला. "आमचं घर वास मारतंय म्हनता व्हय? पावसात कुनाचं घर अत्तर शिपडतंय?"

"तसं नाही हो."

"मंग कसं?"

सर चहा प्यायले, आणखी मागून घेतला, आयनं दिला. पण मला ते लागलं. परत जाताना सर म्हणाले, "यावर माझ्याकडे उपाय नाही. सवय अशी धुऊन जात नाही. हा एक वास तू माझ्यावर सोड." मी सोडला. सरांचं नाक असताना मला काय घोर होता?

पुढल्या वर्षी पावसाच्या तोंडावर सरांना ताप आला. आठवडाभर झोपून होते. मग उठले, दाढी केली आणि पहिल्यासारखे कामाला लागले.

त्याच दिवसांत एका सकाळी मी तळघराचं दार उघडलं आणि मागं सरले. सुकट. सुकट आणि सुके बोंबील. असा दर्प की डोळ्यांत पाणी यावं. आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी भरून ठेवतात, हे काही नवीन नाही. स्वयंपाकघरातल्या मंदावैनींनी कर्जतच्या बाजारातून गोणभर आणली होती, आणि जागा थंड, कोरडी, उंदीर नाहीत म्हणून तळघरात फळीखाली सरकवून दिली होती. त्यांच्या हिशोबानं याहून चांगली जागा पृथ्वीवर नव्हती. नंतर मी बोलले तर म्हणाल्या, "अगं बाय, तुमच्या बाटल्यांना चालतंय आन माझ्या बोंबलांना नाय व्हय?"

पण मी मागं सरले ती दर्पानं नव्हे. त्या दर्पात सर उभे होते. हातात ग्लास, ग्लासात नाक, डोळे मिटलेले. त्या गोणीपासून दोन हातांवर.

"ये," सर म्हणाले. "ही बघ. जांभूळ आहे, तंबाखू आहे. मागं थोडा पाला."

आरशात बघून आपल्याशीच बोलणारा माणूस पाहिला की कसं होतं, तसं झालं. सर खोटं बोलत नव्हते. त्यांना ते वास आठवत होते, येत नव्हते.

"सर," मी म्हणाले, "इथं सुकट आहे."

सरांनी डोळे उघडले. मग हळूच विचारलं, "किती वास आहे?"

"खूप."

सरांनी ग्लास फळीवर ठेवला. "कुणाला बोललीस?"

"नाही."

"दार लाव."

त्या दिवसापासून आमची भीती एक झाली. त्यांना भीती की शेठना कळेल. नाक गेलेल्या चाखणाऱ्याला कोण ठेवतं? नोकरीबरोबर खोलीही जाणार. मला भीती निराळी होती, आणि ती काही दिवसांनी कळली. सकाळी मी त्यांच्याकडे डबे हुंगायला गेले. दार लोटलेलं होतं. ढकललं तर गॅसचा भपकारा आला. सर खिडकी लावून खुर्चीत वाचत बसले होते. शेगडीचं बटण अर्धं फिरलेलं. शेजारी काडेपेटी. चहाची वेळ झाली होती, तेवढ्यातच त्यांनी काडेपेटीकडे हात नेला.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. काडेपेटी हिसकावली, खिडकी उघडली, सिलिंडर बंद केला. सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना समजलं. त्यांनी काडेपेटीकडे पाहिलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, लहान मूल धरतं तसे.

त्यानंतर रोज सकाळी मी आधी त्यांच्या दाराच्या फटीशी नाक लावायचे आणि मगच कडी वाजवायचे. हे कुणाला सांगायचं? आणि सर इथून गेले, कुठंतरी एकट्यानं खोली घेऊन राहिले, तर तिथं त्यांच्या दाराशी नाक कोण लावणार? शेठची भीती मला याच्यापुढं काहीच नव्हती.

आम्ही काम वाटून घेतलं. पाहुण्यांसमोर बाटली उघडायची मी, बूच हुंगायचं मी, ग्लासात घोटभर ओतून आधी नाक लावायचं मी. रीत म्हणून मग ग्लास सरांना द्यायचा, ते वास घेतल्यासारखं करायचे, तोंडात घ्यायचे, बोलायचे. बाटली चांगली असेल तर मी ती हातातच धरून राहायचे. वाईट असेल तर टेबलावर ठेवून द्यायची. कुणाला कळायचं नाही. जिभेला कळतं तेवढं सरांना अजून कळत होतं, म्हणजे आंबट, तुरट, अंगभर पसरणारी ऊब. त्यावरून आणि आठवणीवरून ते असं बोलायचे की पाहुणे मान डोलवायचे.

हे महिनाभर चाललं. कसर लागलेली बाटली तोवर आली नव्हती, आणि ती येईल तेव्हा मला ओळखू येणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आम्ही त्याबद्दल बोलत नसू.

मग शेठ आले. स्वयंपाकघरात कुणीतरी काहीतरी पुटपुटलं असणार. सरांना म्हणाले, "सर, गणपतीनंतरच्या रविवारी माझे खास पाहुणे येतायत जेवायला. त्या दोन जुन्या बोर्दोच्या बाटल्या काढायच्या. तुमच्या नाकावर सोपवतोय." मग चपलेत पाय सरकवत, सहज म्हटल्यासारखं, "मुंबईचा एक मुलगा आहे. बाहेर शिकून आलाय. तोही त्या दिवशी असेल. तुमचं काम बघेल जरा."

सर म्हणाले, "बघू दे."

त्या रविवारपर्यंत मला घरी जेवण जाईना. आय म्हणाली, "काय गं, त्या थेरड्यानं काय करनी केली का तुझ्यावर?" मी रोज गोणपाट ओलं करून हुंगत होते, कुबट म्हणजे काय ते नाकाला सांगत होते. नाक ऐकत नव्हतं. ओलं गोणपाट हुंगलं की मला पडवीच आठवायची, भावंडं गोणींवर उड्या मारायचो ते आठवायचं. छे, यात वाईट काय आहे?

गणपती गेले होते, पाऊस गेला नव्हता. त्या रविवारी दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये सगळंच दमट. टेबलावरची चादर दमट, पडदे दमट, माझा युनिफॉर्म रात्री चुलीवर वाळवलेला तरी दमट. सहा-सात पाहुणे, मधोमध शेठ, टोकाला तो मुंबईचा मुलगा. मुलगा सभ्य होता, उठून सरांना नमस्कार केला त्यानं. त्यामुळं मला जास्तच भीती वाटली.

पहिल्या बाटलीचं बूच मी काढलं. हुंगलं. घोटभर ग्लासात ओतलं, हलवलं, नाक लावलं.

आणि मला बरं वाटलं.

खांदे उतरले. या हॉलमध्ये, या लोकांसमोर, सरांची खोली माझ्या नाकावर टांगलेली असताना, मला पावसाळ्यात घरी बसल्यासारखं स्वस्थ वाटत होतं. मी एक क्षणभर तशीच उभी राहिले. मग मी घाबरले. कारण या हॉलमध्ये मला स्वस्थ वाटायचं काहीच कारण नव्हतं. हे स्वस्थपण मी घरून आणलं नव्हतं. ते ग्लासातून येत होतं.

की चादरीतून? की माझ्याच बाहीतून? मी पुन्हा हुंगलं. दुसऱ्यांदा काही कळेना. जांभूळ आहे का? असावं. नसावं. सगळे माझ्याकडे बघत होते. चांगली बाटली वाईट म्हटली तर सर त्या मुलासमोर उघडे पडणार. वाईट चांगली म्हटली तरी तेच.

मी बाटली टेबलावर ठेवली आणि ग्लास सरांना दिला.

सरांनी बाटलीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. ग्लासात नाक घातलं, घोट तोंडात घेतला, थुंकला आणि म्हणाले, "शेठ, ही गेली. बुचाला कसर आहे."

शेठनी भुवया वर केल्या. "आणा इकडे." त्यांनी हुंगलं. "मला तर ठीक वाटते."

शेजारच्या बाईंनी हुंगलं. "मलाही छानच वाटतंय."

ग्लास फिरत फिरत त्या मुलाकडे गेला. त्यानं बराच वेळ वास घेतला. "थोडी बंद वाटतेय," तो म्हणाला. "हवा लागल्यावर खुलेल कदाचित. किंवा... सर म्हणतात तसंही असेल."

"सर, पुन्हा बघा," शेठ म्हणाले. आवाज गोड होता. "घाई नाही. अशी बाटली पुन्हा मिळायची नाही."

सरांनी ग्लास पुन्हा उचलला. मी त्यांच्या मागं उभी होते. मला त्यांची मान दिसत होती, तिच्यावर घामाचा एक ओघळ. त्यांना काहीएक वास येत नव्हता. त्यांच्यापाशी फक्त टेबलावर ठेवलेली एक बाटली होती, आणि ती ठेवणाऱ्या पोरीला नेमका हाच वास कळत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एकदा मागं वळून बघितलं असतं तर मी नक्की मान हलवली असती. कुठल्या बाजूला, ते मला आजही सांगता येणार नाही.

ते वळले नाहीत.

"गेली," सर म्हणाले. "दुसरी उघड गं."

दुसरी उघडताना माझ्या हातातून स्क्रू दोनदा निसटला. बूच निघालं. ग्लासात ओतली, नाक जवळ नेलं, आणि हॉलमध्ये कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं. उन्हातलं जांभूळ. पेन्सिलीची साल. कोरडी तंबाखू. मला स्वस्थ वाटलं नाही, अंगावर काटा आला. बाटली मी हातात घट्ट धरून ठेवली.

शेठनी दोन्ही ग्लास शेजारी शेजारी घेतले. एक हुंगला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. चेहरा हळूहळू बदलला. पहिला ग्लास त्यांनी लांब सरकवला, एखाद्या खरकट्या ताटासारखा. मुलानंही दोन्ही हुंगले आणि सरांकडे बघून मान लववली. "मी ही पहिली प्यायलो असतो," तो म्हणाला.

"सगळेच प्यायलो असतो," शेठ म्हणाले. मग पाहुण्यांना, "म्हटलं नव्हतं? नाक आहे आमच्या सरांचं."

मुंबईच्या मुलाचा विषय शेठनी पुन्हा काढला नाही. सर पुढं आणखी दोन पावसाळे त्याच खोलीत राहिले आणि मग आपल्या मर्जीनं पुतणीकडे पुण्याला गेले. ते जायच्या आधी मी पुतणीला फोन केला आणि घरात विजेची शेगडी घ्यायला लावली. आता तळघराच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. ओल्या गोणपाटाचा वास मला अजून वास वाटत नाही. बाटली उघडली आणि फार बरं वाटलं, की मी घाबरते. तेवढं पुरतं.

पण सर आठवले की मला त्या दुपारचं स्वयंपाकघर आठवतं. पाहुणे पुढं गुलाबजाम खात होते. मंदावैनी ताटं मोरीत टाकत होत्या. मी त्या चांगल्या बाटलीतला तळाचा घोट तोंडात घोळवून नुकता थुंकला होता. सर आत आले, स्टुलावर बसले. मला वाटलं, शाबास म्हणतील किंवा रागावतील. ते म्हणाले, "कशी होती?"

ती वाईन त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली, कूस बदलू दिली नाही तिला, आणि ती उघडली त्या दिवशी त्यांना आंबट-तुरटाशिवाय काही मिळालं नव्हतं. मला पुन्हा भीती वाटायला लागली, पहिल्या दिवशीची. चुकीचं काही बोलले तर यांच्याकडे तीच वाईन कायमची उरेल.

मी सावकाश सांगितलं. रंग कडेला कौलासारखा झालाय. आधी जांभूळ येतं, पण ताजं नाही, उन्हात पडलेलं. मग पेन्सिल. मग आमच्या बाबांच्या कोपरीच्या खिशात असते तशी तंबाखू, चुना न लावलेली. तोंडात गेल्यावर पाला, जंगलातला, वरचा कोरडा थर हातानं बाजूला केल्यावर खालचा दिसतो तो. थोडं लोखंड, विळ्याचं. तुरट आहे, पण हिरड्यांना धरत नाही, हात फिरवून जातं.

सर डोळे मिटून ऐकत होते. "लोखंड होतं?"

"होतं."

"बरोबर," ते म्हणाले. "असायला पाहिजे."

मंदावैनींनी नळ सोडला. मी ग्लास पुसायला घेतले.

"थुंकलीस त्याला वेळ झाला ना?" सर म्हणाले. "तोंडात काय आहे आता?"

मी जीभ टाळूला लावून बघितली. "जांभूळ गेलं. पेन्सिल आहे."

त्यांनी मान हलवली. बाहेर गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले. शेठ कुणाला तरी हसून निरोप देत होते. मी दुसरा ग्लास पुसला, तिसरा पुसला.

"आता?"

"पेन्सिल पण गेली. तंबाखू आहे. बारीक."

गाड्या गेल्या. मंदावैनींनी नळ बंद केला आणि आमच्याकडे बघून, ही दोघं काय करतायत म्हणून, कपाळाला हात लावला. सर स्टुलावर पुढं वाकले होते, विहिरीत टाकलेला दगड तळाला लागल्याचा आवाज ऐकायला माणूस वाकतो, तसे.

"आणि आता?"

मी तोंड मिटलं. थांबले. त्यांना बरं वाटावं म्हणून बोलायचं नाही, असेल तरच बोलायचं, म्हणून नीट शोधलं.

"अजून हाय, सर," मी म्हणाले.